आधी चार्जर काढ, मग वाच

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर जे झालं ते झालं, त्यावर मी लिहिणार नाही. "बाबा, तुम्हाला माझ्यापेक्षा त्या लॅपटॉपची काळजी जास्त," असं म्हणून तू फोन ठेवलास. मी परत लावणार होतो, पण आई म्हणाली, आता लगेच नको, पोरीला तिचं काम करू द्या. नाही लावला. म्हणून हे पत्र. मेलने पाठवतोय, पण फोनवरच वाच. त्यासाठी लॅपटॉप उघडू नकोस.

बॅटरीचं एकदाच सांगतो आणि विषय बंद करतो.

पोस्टर दाखवायला तू फोन फिरवलास तेव्हा टेबल दिसलं. लॅपटॉपच्या उजव्या कोपऱ्याखाली कागदाची घडी सारलेली. मी विचारलं तर म्हणालीस, टेबल वाकडं आहे. असेलही. पण टचपॅडची पुढची कड वर उचलली गेली होती आणि क्लिक करताना तू अंगठ्याने चांगला जोर देत होतीस. वाकड्या टेबलाने असं होत नाही. मनगटं टेकतात त्या भागाखालीच बहुतेक लॅपटॉपची बॅटरी असते. तिच्या पाकिटांत वायू साठला की ती उशीसारखी फुगते, वर टचपॅडला रेटते, खाली बुडाला रेटते आणि मग मशीन टेबलावर डुलायला लागतं. तू खाली कागद घालून डुलणं तेवढं थांबवलंस.

तुझं एक म्हणणं मला मान्य आहे. फुगली म्हणजे पेटलीच असं नाही. तशीच फुगलेली बॅटरी महिनोन्‌महिने वापरणारी माणसं मीही पाहिली आहेत. पण आत दोन पट्ट्यांच्या मध्ये असतो तो प्लॅस्टिकचा पडदा केसापेक्षाही पातळ. तो दबून फाटला की आतल्या आत शॉर्ट. एक सेल तापला की शेजारच्याला तापवतो आणि मग ते थांबवणं आपल्या हातात राहत नाही. माझा जन्म शिशाच्या बॅटऱ्यांत गेला. त्यांचं पाणी आटतं, टर्मिनलवर पांढरा थर चढतो, वास सुटतो. बिघडण्याआधी पुरेशी कुरकुर करतात बिचाऱ्या. लिथियमवाल्या फारशी कुरकुर करत नाहीत. फुगल्या, तीच कुरकुर समजायची.

आणि ती फुगली का, हेही तुला ठाऊक आहे. दिवसरात्र चार्जर लावलेला, मशीन गादीवर, खालच्या जाळ्या चादरीने बंद. शंभर टक्के भरलेली बॅटरी आणि वर उष्णता, याहून वाईट जोडी तिच्यासाठी नाही. आतलं रसायन हळूहळू विघटित होतं आणि वायू धरतो. बरं, हे आता सांगून उपयोग नाही, तरी सांगून टाकलं. आईने मागून वाचून "झालं का भाषण?" असं विचारलंय. रागावू नकोस.

करायचं एवढंच. चार्जर काढ. मशीन शटडाउन कर, नुसतं झाकण पाडून स्लीपमध्ये ठेवू नकोस. गादी, कपडे, पडदे यांच्यापासून लांब, उघड्या फरशीवर ठेव. टचपॅड दाबून जागेवर बसवायला जाऊ नकोस, आणि टोचून हवा काढायचा उद्योग तर मुळीच नको (तुझ्या त्या मैत्रिणीने इंटरनेटवर कुठेतरी पाहिलाय म्हणे). कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नवी बॅटरी बसवून मिळेल. जुनी त्यांच्याकडेच दे, कचऱ्यात टाकू नकोस. पैसे मी देणार आहे, त्यावर चर्चा नको.

"सबमिशन होईपर्यंत चालू दे, सुट्टीत घरी आणते, मग तुम्हीच बघा," म्हणालीस. आणशील कशी? फुगलेली बॅटरी विमानात नेता येत नाही, हातातल्या बॅगेतही नाही आणि खालच्या सामानातही नाही. विमानाने जाणाऱ्या कुरियरलाही तीच बंदी आहे. आणि तू तो लॅपटॉप सॅकमध्ये दोन जाड पुस्तकांच्या मध्ये कोंबशील, हे मला इथून दिसतंय.

डेटाचं म्हणशील, तर डेटा बॅटरीत नसतो. तुझ्या मॉडेलची एसएसडी, म्हणजे फाइल्स साठवणारी ड्राइव्ह, सुटी निघते, दादाने बघून ठेवलंय. त्यामुळे फाइल्स काढायच्या म्हणून आणखी एक रात्र ते मशीन चालवण्याचं कारण नाही. आणि "सगळं क्लाउडवर आहे" हेही पूर्ण खरं नाही. दादा म्हणतो, रिपोर्ट आहे, पण प्रोजेक्टची रीडिंग्ज सगळी डी ड्राइव्हवर आहेत आणि त्या फोल्डरला तू कधी सिंकला लावलंच नाहीस. तसंही सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे चुकून पुसलं की तिथेही पुसलं जातं, आणि जुनी आवृत्ती परत मिळायची मुदत ठरावीकच असते. जुना नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. ड्राइव्ह हातात आली की पहिलं काम हे कर.

आता दुसरं बोलतो.

तुझ्या प्रोजेक्टबद्दल मी आमच्या प्लांटवर सगळ्यांना सांगून झालंय, हे आईने तुला सांगितलं असेलच. बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर ओरखडा असला की प्रत्येक गोळी तिथून जाताना एक ठोका बसतो. गोळ्या किती, त्यांचा व्यास किती, शाफ्ट किती वेगाने फिरतो यावरून तो ठोका सेकंदाला किती वेळा येणार हे आधीच काढता येतं, मग कंपनांच्या आलेखात बरोबर त्या जागी शिखर शोधायचं. तू हे मला मागच्या सुट्टीत पाटीवर काढून समजावलंस तेव्हा मी नुसती मान हलवली होती, खरं तर मला तेव्हाच उठून कुणाला तरी सांगायचं होतं. आम्ही आयुष्यभर काय केलं? स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावायची आणि ऐकायचं. चांगलं बेअरिंग एकसारखं सूं करतं. बिघडायला लागलं की त्यात वाळू पडल्यासारखी खरखर येते. किती दिवस टिकेल ते अप्पा नुसत्या आवाजावरून सांगायचे आणि त्यांचा अंदाज फारसा चुकायचा नाही. तू तेच आकड्यांत पकडतेस. अप्पांना दाखवायला हवं होतं.

पण मनू, मशीन बंद पडण्याआधी काय खुणा देतं, यावर अख्खं सेमिस्टर घालवलेली मुलगी डुलणाऱ्या लॅपटॉपखाली कागदाची घडी घालते? नाही, नाही. विषय बंद म्हणालो होतो.

तुला ते गजराचं चौकोनी घड्याळ आठवतं का? वरच्या माळ्यावरच्या पेटीतलं. तू तिसरीत होतीस की चौथीत, आईला विचारावं लागेल. मी कामावरून आलो तर जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर चक्रं, स्प्रिंगा, आणि चिकटपट्टीची एक लांब पट्टी, गोंदाची बाजू वर. त्या पट्टीवर ओळीने स्क्रू चिकटवलेले आणि प्रत्येकाखाली पेन्सिलने आकडा. तुला हे कुणी शिकवलं नव्हतं. मी तर निम्मे स्क्रू खिशात आणि निम्मे शर्टाच्या घडीत ठेवणारा माणूस. घड्याळ पुन्हा चालू झालं नाही ते जाऊ दे, त्याची स्प्रिंग आधीच मेली होती. ती पट्टी मात्र मी पुढे कित्येक दिवस टूलबॉक्सच्या झाकणाला आतून लावून ठेवली होती.

हे आठवलं कारण काल क्षणभर मनात आलं होतं की तुला सांगावं, उघड तूच, तुला जमेल. लॅपटॉपच्या बुडाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, लांबचा आखूडच्या जागी पिळला तर बोर्डाला लागतो, पण तू काही ते चुकली नसतीस. तरी नको. धड बॅटरी असती तर सांगितलं असतं. फुगलेली बहुतेक वेळा चिकटलेली असते, ती उचकटताना वाकते आणि तिथेच घात होतो. तुझ्या हातावर माझा विश्वास आहे. त्या पाकिटावर नाही.

परीक्षेचं आई सांगते ते ऐक, तिने वर्गात आयुष्य काढलंय. ती म्हणते, नोट्स पुन्हापुन्हा वाचत बसू नकोस, वही मीट आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांवर हे करून पाहिलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे. तुझी अडचण मला कळते, की वाचताना सगळं येतंय असं वाटतं आणि आठवायला बसलं की पोटात गोळा येतो. तो आत्ताच आलेला बरा. रात्री झोप, एवढंच मी माझ्या बाजूने जोडतो. सहा तासांच्या खाली जाऊ नकोस. सात झाले तर फारच छान.

आणि "एक विषय राहिला तर मी मागे पडेन" हे वाक्य पुन्हा बोलू नकोस. बोल, पण मनात धरून बसू नकोस. तुझ्या त्याच बॅटरीचं उदाहरण घे. ती घडवणाऱ्यांपैकी एक, जॉन गुडइनफ, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात हवामानाचं काम करून शिकागोला भौतिकशास्त्र शिकायला गेला, तर तिथल्या एका प्राध्यापकाने त्याला सुनावलं होतं की या विषयात काही करणारी माणसं तुझ्या वयापर्यंत ते करून मोकळी झालेली असतात. तेव्हा तो पुरता पंचविशीचाही नव्हता. पुढे १९८० मध्ये ऑक्सफर्डला त्याच्या गटाने कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड, म्हणजे या बॅटरीची धन बाजू, काढला तेव्हा तो सत्तावन्न वर्षांचा होता, म्हणजे आज माझं जे वय आहे त्याहून मोठा. १९९१ मध्ये सोनीने पहिली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. नोबेल मिळालं २०१९ मध्ये, व्हिटिंगहॅम आणि योशिनोंबरोबर, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. हे वाचून तुझा कोणताही पेपर सोपा होणार नाही, मला माहीत आहे. मला ती गोष्ट आवडते म्हणून सांगितली. आणि इतक्या लोकांनी इतकी वर्षं घालवून जे बनवलं ते तू चादरीत गुंडाळून तापवतेस, हाही त्यातला एक मुद्दा आहेच.

एक गोष्ट लिहावी की नाही असं चाललं होतं. लॅबमध्ये तुला चक्कर आली होती, हे आम्हाला दादाकडून कळलं. आईला मी काही बोलू दिलं नाही. तूही दोन आठवड्यांत आमच्याशी बोलताना कधी त्याचा उल्लेख केला नाहीस. का केला नाहीस ते मला कळतं. आम्ही लगेच गाडीत बसलो असतो, आणि तुला व्हायवाच्या तोंडावर आम्ही तिथे नको होतो. बरोबर ना? तरी सांगायचं. नुसतं "चक्कर आली, आता बरी आहे" एवढं. आम्ही येणार नाही. निदान लगेच येणार नाही. तिथल्या डॉक्टरांना एकदा दाखव, रक्त तपासून घे, रिपोर्ट आईला पाठव, मला नको, मला त्यातलं काही कळत नाही आणि मग मी रात्रभर वाचत बसेन.

दादा शनिवारी तिकडे येतोय. त्याचा जुना लॅपटॉप घेऊन येईल. बॅटरी काढून टाकलेली आहे, चार्जरवरच चालतो, त्यामुळे वीज गेली की बंद पडतो. दर परिच्छेदाला सेव्ह करत जा. स्पेसबार डाव्या बाजूने दाबला तर उठत नाही, मध्यावर दाबायचा. रिपोर्टला तेवढा पुरेल. सिम्युलेशनला नाही पुरणार, ते लॅबमध्ये कर. तोवर लायब्ररीतले कॉम्प्युटर आहेत. रांग असते, सकाळी उघडताना गेलीस तर मिळतो असं तूच पहिल्या वर्षी सांगितलं होतंस.

नानींचं ऑपरेशन पुढे ढकललंय, काळजीचं काही नाही, शुगर खाली आली की करतील. त्या तुझी परीक्षा कधी संपते ते रोज विचारतात आणि रोज विसरतात. काकाला मी तुझ्या आणि माझ्या भांडणाचं सांगितलं नाही, तरी त्याला कळलंय. त्याचा फोन आला तर त्याची बाजू ऐक, तुझीच बाजू घेईल.

व्हायवाला पोस्टरवरचा तो मधला आलेख आधी दाखव, शेवटी ठेवू नकोस. परीक्षक दमलेले असतात. विचारलं आणि आलं नाही तर "येत नाही" म्हण आणि पुढे जा.

तुझा,
बाबा

ता. क. : व्हायवाची वेळ कळव, म्हणजे त्या वेळात मी फोन करणार नाही. आणि उत्तर लिहायला वेळ नसेल तर नुसतं "काढला" असं पाठव. चार्जरबद्दल विचारतोय, हे तुला कळेलच.