ब्लूबक गेला, बेडूक अजून आहे

महोदय,

दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य केप भागातील ब्लूबक हा कुरंग, अधिवास आधीच आक्रसलेला असताना युरोपीय वसाहतकऱ्यांच्या बंदुका व गुरांची चराई यांच्या कचाट्यात सापडून, १८०० च्या सुमारास नामशेष झाला. त्याच्याविषयी हळहळणारे आपण, त्याच प्रदेशात टेबल माउंटनच्या मोजक्या ओढ्यांत तगून असलेल्या ‘घोस्ट फ्रॉग’ या बेडकाची दखल क्वचितच घेतो. त्याच्या बेडूकमाशांना पूर्ण वाढीसाठी वर्षाहून अधिक काळ लागतो आणि तोवर ते चोषकासारख्या तोंडाने वाहत्या पाण्यातील खडकांना चिकटून राहतात. साहजिकच ओढा एखाद्या उन्हाळ्यात आटला, तरी तेथील अख्खी पिढी संपू शकते. शिकारबंदीने ब्लूबक कदाचित वाचला असता. बेडकासाठी मात्र ओढे बारमाही वाहते ठेवावे लागतील, आणि माझ्या मते ते अधिक अवघड आहे.

– एक वाचक