घरच्या फोनवर येणाऱ्या जाहिरातींविषयी आई-बाबांना पत्र

खारघर, नवी मुंबई

तीर्थरूप आई-बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

खरे तर हे सारे फोनवरच सांगायचे होते. पण आपले बोलणे रंगात आले की दुसरा कोणाचा तरी कॉल वाजतो, बाबा "जरा थांब हं" म्हणून तो घेतात आणि पलीकडे कोणी तरी घोडबंदर रोडवरच्या टू बीएचकेची माहिती द्यायला बसलेले असते. तेव्हा लिहूनच कळवते. बाबांना कागदावरचा मजकूर अधिक पटतो, आणि यातले आकडे हाताशी असलेले बरे.

ठाण्याला नौपाड्यातल्या घरी हल्ली मोबाइल आणि लँडलाइन मिळून जे फोन येतात, त्यांतले बरेचसे आपल्या कोणाचेच नसतात. मुरबाड-शहापूरकडचे एनए (बिगरशेती) प्लॉट, पर्सनल लोन, घरी येऊन रक्त घेणाऱ्या तपासण्यांचे पॅकेज, "आपली निवड झाली आहे, जोडीने हॉटेलात या आणि सहलीचे कूपन घेऊन जा" अशी आमंत्रणे. पेन्शनवर असलेल्या माणसाला वीस वर्षांच्या गृहकर्जाचा आग्रह करणाऱ्याने समोरच्याचे वयसुद्धा पाहिलेले नसते, कारण त्याच्यापुढे नंबरांची नुसती यादी असते.

आई, तुला ज्या मुक्या कॉलची भीती वाटते, त्यांचेही कारण बहुधा हेच असते. फोन उचलून तू दोनदा "हॅलो" म्हणतेस, पलीकडे शांतता असते, मग लाइन कटते, आणि घरात कोणी आहे की नाही हे चोर पाहत असावेत असे तुझ्या मनात येते. टेलिमार्केटिंगच्या कार्यालयांत नंबर माणसे फिरवत नाहीत. यंत्र एकाच वेळी अनेक नंबर लावते आणि जो आधी उचलतो त्याला मोकळ्या असलेल्या विक्रेत्याशी जोडून देते. तुझ्या "हॅलो"नंतरची दोन-तीन क्षणांची शांतता हा त्या जोडणीचा वेळ असतो, आणि त्या क्षणी एकही विक्रेता मोकळा नसला तर यंत्र लाइन सोडून देते. आधीच ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजाचे कॉल तर पूर्णपणे यंत्रानेच चालतात. त्यांत "अधिक माहितीसाठी एक दाबा, नको असल्यास दोन दाबा" असे सांगितले, तरी काहीही दाबू नये. कोणतीही कळ दाबली की या नंबरवर ऐकून घेणारे माणूस आहे एवढे त्यांना कळते, आणि त्यांना तेवढेच हवे असते.

बाबांचा आक्षेप मला ठाऊक आहे. "त्या पोरांनाही पोट आहे, दिवसभर लोकांच्या शिव्या खातात, दोन शब्द नीट बोललो तर काय बिघडले?" हा आक्षेप मी उडवून लावत नाही. कॉल सेंटरमधली मुले कमी पगारावर आणि रोजच्या टार्गेटखाली काम करतात, आणि त्यांच्यावर ओरडून काहीच साधत नाही. परंतु बाबा, तुम्ही पाच मिनिटे आस्थेने चौकशी करता, मूळ गाव कोणते म्हणून विचारता, आणि शेवटी काही घेत नाही. त्या मुलाची ती पाच मिनिटे वाया जातात आणि तुमचा नंबर मात्र "इच्छुक, पुन्हा फोन करावा" अशा रकान्यात जाण्याची शक्यता वाढते. "मला नको आहे, पुन्हा फोन करू नका" एवढे एक वाक्य शांतपणे सांगून फोन ठेवणे हे त्याच्या दृष्टीनेही सोयीचे आहे. समोर मुद्रित आवाज असेल तर त्या वाक्याचीही गरज नाही. यंत्राला पोट नसते.

आता मुख्य उपाय. ट्राय, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, यांनी व्यापारी कॉल आणि संदेशांसाठी २०१८ मध्ये नियम केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ते अधिक कडक केले. त्यांनुसार कोणत्याही ग्राहकाला अशी जाहिरात नको असल्याची नोंद करता येते. तिलाच सगळे डीएनडी, म्हणजे "डू नॉट डिस्टर्ब", म्हणतात. तिचा नंबर १९०९. ज्या फोनसाठी नोंद करायची त्याच फोनवरून हा नंबर लावून सूचनांप्रमाणे जायचे, किंवा मोबाइलवरून १९०९ ला इंग्रजी अक्षरांत स्टार्ट हा शब्द, जागा सोडून शून्य, असा एसएमएस पाठवायचा. म्हणजे सर्व प्रकारच्या जाहिरातींना बंदी होते. बँक व विमा, घरबांधणी, शिक्षण, आरोग्य, वाहने, पर्यटन असे विभाग निवडून बंदी घालण्याची सोयही आहे, पण आपल्याला सरसकट बंदीच बरी. दोघांचे मोबाइल आणि लँडलाइन यांची नोंद वेगवेगळी करावी लागेल, कारण एका नंबरची नोंद दुसऱ्याला लागू होत नाही.

बाबांना शंका येईल की मग पेन्शन जमा झाल्याचा मेसेज येणार नाही. तो येतो. बँकेचे व्यवहार, ओटीपी, गॅस सिलिंडरची नोंदणी, रेल्वेचे तिकीट, सरकारी सूचना यांना डीएनडी अडवत नाही. अडवते ती जाहिरात. संदेशांची ओळख पटवणेही आता सोपे झाले आहे. २०२५ पासून पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी, आडव्या रेघेनंतर, एक इंग्रजी अक्षर असते: पी म्हणजे प्रचार, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार आणि जी म्हणजे सरकार. नोंद केल्यानंतरही पी असलेला मेसेज आला तर तो तक्रारीस पात्र, मात्र त्या कंपनीला आपण स्वतः संमती दिलेली नसली पाहिजे.

आणि संमती आपण नकळत देत असतो. प्रदर्शनात भरलेले लकी ड्रॉचे कूपन, फुकट तपासणीच्या शिबिरातला अर्ज, घर भाड्याने देण्यासाठी एखाद्या संकेतस्थळावर टाकलेली माहिती, यांच्या तळाशी बारीक अक्षरांत "डीएनडीमध्ये नोंद असली तरी मला संपर्क करण्यास माझी हरकत नाही" अशा अर्थाचे वाक्य असते आणि त्याच्या चौकटीत खूण आधीच केलेली असते. असे कूपन यापुढे भरूच नका. त्या ड्रॉमध्ये मिक्सर कोणाला लागला हे आजवर कोणी पाहिलेले नाही. संमती आधी दिली असेल तर ती मागे घेता येते, आणि ग्राहकाने अशी माघार घेतल्यावर त्या कंपनीला ९० दिवस पुन्हा संमती मागता येत नाही.

कॉल कोणत्या नंबरावरून येतो, याकडेही लक्ष असू द्या. जाहिरातीच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिले आहेत, तर सरकारी व बँका-विमा यांसारख्या वित्तीय संस्थांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे. बँकांनी हाच नियम पाळावा असे रिझर्व्ह बँकेनेही जानेवारी २०२५ मध्ये त्यांना कळवले. तेव्हा १४० दिसले की उचलायचे कारण नाही. खरी कटकट आहे ती साध्या दहा आकडी मोबाइल नंबरांवरून होणाऱ्या विक्रीची. तसे करायला नियमाने बंदी आहे, तरीही बिल्डरांचे दलाल आणि कर्जाचे एजंट सर्रास तेच करतात. बाबा प्रत्येक नंबर ब्लॉक करत बसतात, पण दुसऱ्या दिवशी तोच माणूस नव्या सिमवरून बोलतो. भर पावसात घोडबंदरचे खड्डे एकेक करून बुजवावेत, तसे ते आहे. ब्लॉक जरूर करा, पण त्याआधी तक्रार करा.

तक्रारसुद्धा १९०९ लाच करायची, फोन करून किंवा एसएमएसने, अथवा आपल्या मोबाइल कंपनीच्या किंवा ट्रायच्या डीएनडी ॲपमधून. आलेला नंबर, तारीख आणि काय विकत होते हे थोडक्यात, एवढे पुरते. पूर्वी तीन दिवसांच्या आत तक्रार करावी लागत असे. आता सात दिवसांपर्यंत करता येते. डीएनडीची नोंद नसली तरीही बिगरनोंदणीकृत, म्हणजे व्यापारी कॉलसाठी दूरसंचार कंपनीकडे रीतसर नोंद न केलेल्या, विक्रेत्याविरुद्ध तक्रार घेतली जाते. पहिल्या उल्लंघनाला त्या विक्रेत्याच्या सर्व नंबरांवरून बाहेर जाणारे कॉल १५ दिवस बंद होतात, आणि पुन्हा केल्यास सर्व कंपन्यांकडच्या त्याच्या जोडण्या वर्षभरासाठी तोडल्या जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने अशा विक्रेत्यांविरुद्ध आदेश काढल्यावर काही आठवड्यांत पावणेतीन लाखांहून अधिक जोडण्या तोडल्या गेल्या आणि पन्नास संस्था काळ्या यादीत गेल्या. तेव्हा "तक्रार करून काय होणार" हे बाबांचे ठेवणीतले वाक्य येथे पूर्णपणे लागू पडत नाही. अर्थात, त्रास ज्याला होतो त्यानेच दुपारची झोप मोडून नंबर लिहून घ्यावा आणि कळवावा, ही रचना मला न्याय्य वाटत नाही. कंपन्यांनी स्वतःहून हे ओळखायला हवे, आणि काही मोबाइल कंपन्या संशयित कॉलवर "स्पॅम" असे दाखवू लागल्याही आहेत.

मात्र या नियमांतली एक तरतूद तुमच्या सोसायटीला फार उपयोगी पडेल. पूर्वी एखाद्या बिगरनोंदणीकृत विक्रेत्यावर कारवाई व्हायला सात दिवसांत दहा तक्रारी लागत. आता दहा दिवसांत पाच पुरतात. एकाच बिल्डरचा माणूस तुमच्या इमारतीत जोश्यांनाही फोन करतो, वरच्या काकूंनाही आणि तुम्हालाही, कारण इमारतीची यादी कोठून तरी त्याच्या हाती लागलेली असते. पाच घरांनी त्याच आठवड्यात तोच नंबर कळवला तर काम झाले. संध्याकाळी तलावपाळीवर बसून सगळे मिळून जी चिडचिड करता, तिचा एवढा उपयोग तरी होऊ द्या.

लँडलाइनविषयी थोडे. ती काढून टाका असे मी म्हणणार नाही, कारण गावाकडच्या निम्म्या नातेवाइकांना तेवढा एकच नंबर पाठ आहे. परंतु सध्याच्या जुन्या यंत्राला पडदा नाही, त्यामुळे फोन कोणाचा हे उचलल्याशिवाय कळत नाही आणि तक्रारीसाठी नंबरही मिळत नाही. कॉलर आयडी दाखवणारे यंत्र मी आणून देईन. ती सेवा सुरू करण्याचा अर्ज मात्र बाबांच्या सहीने द्यावा लागेल. मोबाइलवर अनोळखी नंबर आपोआप गप्प करण्याची सोय असते, पण ती मी तुमच्या फोनवर लावणार नाही. औषधांच्या दुकानातला मुलगा, लॅबवाला, कुरिअरवाला हे सगळे अनोळखी नंबरावरूनच बोलतात, आणि आईची औषधे दारातून परत जाणे हे जाहिरातीपेक्षा वाईट.

शेवटचा मुद्दा वेगळा आहे आणि तो वेगळाच ठेवा. डीएनडी विक्रेत्यांसाठी आहे, चोरांसाठी नाही. चोर नोंदवही पाहून फोन करत नाही. "ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचा नंबर बंद होईल, नऊ दाबा" असा मुद्रित आवाज आला तर तो खोटा आहे. ट्राय कोणाचा नंबर बंद करण्यासाठी फोन करत नाही. "आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या नंबरवर बोला" असा मेसेज कोणाच्या खासगी मोबाइलवरून आला तर तो महावितरणचा नाही. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याच्या नावाखाली पेन्शनचा पीपीओ क्रमांक आणि ओटीपी मागणारे फोन येतात. असा फोन करून ओटीपी विचारून दाखला होत नाही. पोलिसांचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर "डिजिटल अरेस्ट" करणारा तर सरळ भामटा, कारण कायद्यात असा प्रकारच नाही. अशा वेळी सभ्यता, स्पष्टीकरण, काहीही नको. फोन ठेवा आणि मला किंवा दादाला कळवा. पैसे गेलेले नसतील तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावरील "चक्षू" या सुविधेवर तो नंबर कळवता येतो, ते मी करीन. पैसे गेले असतील तर माझी वाट न पाहता त्याच क्षणी १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, कारण जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम मध्येच गोठवण्याची शक्यता अधिक असते. त्या वेळी कोणी रागावणार नाही, हेही आताच लिहून ठेवते.

सोसायटीच्या फलकासाठी १९०९ आणि तक्रारीची पद्धत सांगणारी सूचना तयार करून सोबत जोडली आहे. बाबांनी शुद्धलेखन तपासून ती सेक्रेटरींकडे द्यावी, आणि आपल्या तिन्ही नंबरांची नोंद मी शनिवारी येईपर्यंत थांबवून न ठेवता उद्याच करावी. आई, पडद्याचे यंत्र क्रीम रंगाचे हवे की काळे, तेवढे कळव.

आपली आज्ञाधारक,
लेक