सोनूच्या गाडीसाठी

प्रिय बंड्या,

परवा फोनवर म्हणालास ना की तिकडं अमेरिकेतल्या तुमच्या मंडळात ताईच्या सोनूसाठी चाकाच्या खुर्चीसकट आत जाता येईल अशी गाडी घ्यायला पैसे गोळा करायचा विषय काढतो पण लोक काय काय विचारतील त्याची उत्तरं लिहून पाठव, म्हणून बसलोय लिहायला. जरा लांबेल, चहा घेऊन वाच.

सगळ्यात आधी तुला हेच ऐकायला मिळणार, की औषधाला देतो, ऑपरेशनला देतो, पण गाडीला कशाला पैसे. इथं पण रोज तेच ऐकतोय. त्या 16 कोटींच्या इंजेक्शनच्या बातम्यांपासून लोकांच्या डोक्यात असं बसलंय की आजारी पोरासाठी पैसे गोळा करायचे म्हणजे इंजेक्शनलाच. आणि गाडी म्हटलं की डोळ्यासमोर येते हौस. तर त्यांना सरळ सांग, ही गाडी म्हणजे सोनूची शाळा आहे.

तुला सोनूचा डीएमडी, म्हणजे ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा आजार, माहितीय, पण बाकीच्यांना सांगावं लागेल. स्नायू टिकवणारं डिस्ट्रॉफिन नावाचं प्रोटीन असतं, ते यांच्या शरीरात जवळजवळ तयारच होत नाही, बहुतेक मुलग्यांनाच होतो हा आजार, आणि साधारण बाराव्या वर्षापर्यंत चालणं थांबतं. सोनूचंही तसंच झालं. डोकं एकदम तल्लख, गणितात वर्गात पुढं, फक्त पाय आणि आता हळूहळू हात साथ सोडतायत. त्यात यावर देतात त्या स्टेरॉइडनं वजन वाढतं आणि हाडं ठिसूळ होतात, म्हणजे उचलायला जड आणि पडला तर मोडणार, दोन्ही एकदम. आणि खांद्यात ताकद नसल्यामुळं काखेत हात घालून उचललं की पोरगं हातातून खाली सरकतं रे, त्यामुळं एक हात पाठीखाली आणि एक गुडघ्याखाली घालूनच उचलावं लागतं. ताई रोज सकाळी असं उचलून त्याला रिक्षात ठेवते, डोकं दांडीला लागू नये म्हणून वाकून, आणि शाळेत पोचलं की परत तेच. तिची कंबर कामातनं गेलीय. दाजींची ड्युटी सकाळची, मी असलो तर मी जातो, पण रोज कुठं जमतंय.

आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. त्याची बॅटरीची खुर्ची आहे, गेल्या वर्षी घेतली, घरात तो स्वतः फिरतो, स्वतः बेसिनपाशी जातो, खिडकीत जाऊन मित्रांना हाका मारतो. पण ती खुर्ची घडी होत नाही आणि रिक्षात बसत नाही. म्हणून शाळेत न्यायची ती साधी घडीची खुर्ची, दुसऱ्यानं ढकलायची. म्हणजे घरात जो पोरगा आपल्या मनानं कुठंही जातो तोच शाळेत कुणीतरी येऊन ढकलेपर्यंत एका जागी बसून राहतो, मधल्या सुट्टीत सुद्धा. खुर्चीसकट आत जाता येईल अशी गाडी झाली की हे संपलं.

तू ती तळ खाली घेतलेल्या मिनीव्हॅनची लिंक पाठवलीस, बघितली, भारीच आहे, पण तसली इथं आणायची म्हणजे खर्च आपल्या आवाक्याबाहेर. तुमच्याकडं अमेरिकेत 1990 च्या दिव्यांगांच्या कायद्यामुळं साध्या सिटी बसला पण रॅम्प नाहीतर लिफ्ट असते. आपल्याकडं 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाहतूक सुगम हवी असं लिहिलंय, पण सोनूच्या शाळेच्या रस्त्यावर तशी बस अजून नाही आणि त्याचं वय काही थांबत नाही. इथं जमण्यासारखं म्हणजे मारुतीची ईको व्हॅन घ्यायची, मागचं सीट काढून तळ थोडा खाली घ्यायचा आणि मागच्या दाराला घडीचा रॅम्प बसवायचा. खुर्चीला चार पट्टे, दोन पुढं दोन मागं, तळाला पक्के, आणि सोनूला वेगळा खांद्यावरून येणारा बेल्ट. हे कुणी फालतू खर्च म्हणालं तर ऐकू नकोस, कारण खुर्चीला जो पट्टा असतो तो नीट बसण्यापुरता, अपघातात त्याचा काही उपयोग नाही.

कागदपत्रांचं पण बघितलंय. बदल करायच्या आधी आरटीओची परवानगी लागते, दिव्यांगांसाठीच्या बदलाला कायद्यात आता वाट आहे, आणि आरसीवर मालकीच्या रकान्यात दिव्यांगजन अशी नोंद होते. पूर्वी जीएसटीच्या सवलतीसाठी वेगळं सर्टिफिकेट काढायला लागायचं, आता 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांना सरसकट 18 टक्केच झालाय, तेवढी एक धावपळ वाचली. गाडी, रॅम्प, पट्टे, पासिंग, विमा सगळं धरून साडेआठ लाख होतायत. ताई-दाजींनी दोन जमवलेत, आपल्या तालमीच्या पोरांनी गणपतीत साऊंडचा खर्च कमी करून पैसे बाजूला काढले, भिशीतल्या बायकांनी दिले, मी माझे घातलेत. साडेचार अजून हवेत.

आता पैसे कुठं पाठवायचे ते नीट वाच, इथं गडबड नको. ताईच्या खात्यावर कुणाला पाठवू देऊ नकोस. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षात एकूण 50,000 च्या वर आले की ती सगळीच रक्कम तिचं उत्पन्न धरतात, टॅक्स लागतो. म्हणून इथल्या एका नोंदणीकृत ट्रस्टशी बोललोय, पैसे त्यांच्या खात्यात जमा होतील आणि ते थेट शोरूमला आणि रॅम्पवाल्याला चेक देतील, हिशोब कुणीही बघावा. पण ट्रस्टकडं एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्या घ्यायची सरकारी नोंदणी, नाही, म्हणजे तुमच्यातले ज्यांचा पासपोर्ट अजून भारताचा आहे त्यांनीच स्वतःच्या एनआरई नाहीतर एनआरओ खात्यातून, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांच्या इथल्या बँकेतल्या खात्यातून, द्यायचे. ज्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलंय त्यांचे पैसे, ओसीआय म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड असलं तरी, चालत नाहीत. त्यांना प्रेमानं थांबव, सीएला विचारून कळवतो.

आणि भावा, एक गोष्ट अगदी मनापासून. ऑनलाइन पैसे गोळा करून देणाऱ्या एकानं आम्हाला सांगितलं की पोराचा रडका फोटो द्या, नळी-बिळी लावलेला असला तर अजून चांगलं, पैसे पटापट येतात. ताई उठून बाहेरच गेली. हा आजार बऱ्याचदा आईकडनं येतो हे टेस्टमध्ये कळल्यापासून ती आधीच स्वतःला खात असते, त्यात नातेवाइकांची बोलणी, आणि वर हे. आम्ही नाही म्हणालो. पैसे उशिरा आले तरी चालतील पण सोनू उद्या मोठा होऊन स्वतःचं नाव शोधेल तेव्हा त्याला तसला फोटो दिसता कामा नये. नसीमादीदी हुरजूक यांनी ज्या कोल्हापुरात दिव्यांगांना स्वतःच्या पायावर उभं केलं त्या गावात आपण पोराची कीव विकायची? मला नाही जमणार. मंडळात पण बिचारा, देवाची लेकरं वगैरे कुणी सुरू केलं तर तिथंच थांबव. सांग की तो आठवीत आहे, पाटाकडील तालमीच्या फुटबॉल टीमचा कट्टर फॅन आहे, आणि त्याला शाहू स्टेडियमवर जाऊन मॅच बघायचीय, सध्या मोबाइलवर बघतो आणि गल्लीला ऐकू जाईल एवढं ओरडतो.

शाळा जूनच्या मध्यात उघडेल, त्याआधी बदलाचं काम आणि पासिंग व्हायला हवं, म्हणून फेब्रुवारीअखेर तुमच्याकडनं अंदाजे किती होतील ते कळलं तर मी बुकिंग करून टाकतो. कमी पडले तर उरलेल्याचं लोन काढू, दाजी तयार आहेत, त्यामुळं लोकांवर जबरदस्ती अजिबात करू नकोस. रविवारी तुझ्या सकाळी फोन करतो, ताई पण असेल शेजारी, तिला तुझ्याशी बोलायचंय.

तुझा,
पक्या

ता.क. ट्रस्टची माहिती आणि रॅम्पवाल्याचं कोटेशन व्हॉट्सॲपवर टाकलंय. सोनूचा फोटो पण पाठवलाय, पाटाकडीलची जर्सी घातलेला. दाखवायचाच असेल तर तोच दाखव, त्यानं स्वतः निवडलाय.