कँटरशी भांडण्याआधी यादी मांडून पाहा

संपादक महोदय,

‘अनंत म्हणजे अनंत, त्यात लहान-मोठे कसले?’ या एका प्रश्नावरून समाजमाध्यमांवर गणितप्रेमी मंडळी हमरीतुमरीवर येतात. या विषयाला वाद नवा नाही. काही अनंत संच इतर अनंत संचांपेक्षा मोठे असतात, असे दाखवणारे जर्मन गणिती जॉर्ज कँटर यांच्या संच सिद्धांताला त्यांच्याच काळात बर्लिनचे गणिती क्रोनेकर यांनी कडाडून विरोध केला होता. पण क्रोनेकर यांना पूर्ण झालेला अनंत संच मानणेच मंजूर नव्हते. आज बहुतेकांचा आक्षेप सिद्धतेच्या पायऱ्यांवर असतो, आणि त्या पायऱ्या तर कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतात.

मराठीत आधी एक शब्दच घात करतो. आपण चांदण्यांना ‘अगणित’ म्हणतो, म्हणजे पुष्कळ. गणितातला ‘अगणनीय’ वेगळा. ज्या अनंत संचाची 1, 2, 3 असे क्रमांक देऊन कोणीही न सुटेल अशी यादी करता येते, तो गणनीय. सम संख्या गणनीय, सर्व अपूर्णांकही गणनीय. वास्तव संख्यांची, म्हणजे संख्यारेषेवरच्या सर्व संख्यांची, मात्र अशी यादी होत नाही, म्हणजे त्या अगणनीय आहेत आणि त्यांचे अनंत मोठे आहे, हे कँटर यांनी 1874 मध्ये सिद्ध केले. त्यासाठीची प्रसिद्ध कर्णाची (तिरक्या रेषेची) युक्ती 1891 ची.

ती अशी. 0 आणि 1 यांमधल्या संख्यांची कोणतीही यादी घ्या. समजा, तिची सुरुवात 0.5173…, 0.3333…, 0.1415…, 0.7071… अशी आहे. पहिल्या संख्येचा पहिला अंक, दुसरीचा दुसरा, असे तिरके उतरत जा: 5, 3, 1, 1. नियम एकच: अंक 5 असेल तर 4 लिहा, नसेल तर 5. मिळते 0.4555… ही संख्या यादीतल्या प्रत्येक संख्येपेक्षा निदान एका स्थळी वेगळी आहे, म्हणून ती यादीत नाही.

‘मग तिला यादीत घाला की!’ हा सर्वांत नेहमीचा आक्षेप. घालून पाहा. ती पहिल्या जागी ठेवून बाकीच्या एकेक घर खाली सरकवल्या, तर कर्णावर 4, 1, 3, 5 येतात आणि नवी सुटलेली संख्या 0.5554… निघते. सिद्धता एका विशिष्ट यादीबद्दल बोलतच नाही. कोणतीही यादी आणा, तिच्यातून काही सुटतेच, एवढाच तिचा दावा आहे.

4 आणि 5 च का? 0.4999… आणि 0.5000… ही एकाच संख्येची दोन रूपे आहेत. ‘प्रत्येक अंकात 1 मिळवा’ असा नियम केला तर अंक बदलूनही संख्या तीच राहण्याचा धोका असतो. 0 आणि 9 टाळले की तो मिटतो. ही पायरी गाळून सिद्धता सांगणारे आक्षेपकांच्या हाती आयते कोलीत देतात.

‘हीच युक्ती नैसर्गिक संख्यांना लावली तर त्याही अगणनीय ठरतील’ हा आक्षेप जास्त विचारपूर्वक आहे. त्यांचे अंक उजवीकडून डावीकडे वाचत कर्ण काढला, तर डावीकडे कधीच न संपणारी अंकांची रांग मिळते. प्रत्येक नैसर्गिक संख्येला मात्र मोजकेच अंक असतात. म्हणजे हाती आलेली वस्तू नैसर्गिक संख्याच नाही, मग ती यादीत नसल्याने बिघडत काहीच नाही. अपूर्णांकांचेही तेच: त्यांच्या पूर्ण यादीतून निघणारी संख्या अपरिमेय, म्हणजे अपूर्णांकात मांडता न येणारी, असते. कर्णातून मिळालेली संख्या त्याच संचातली असावी लागते, आणि ही अट बहुतेक ‘खंडनां’मध्ये तपासलेलीच नसते.

भास्कराचार्यांचा खहरही या वादात ओढला जातो. शून्याने भागून मिळणाऱ्या राशीत काही मिळवले वा काढले तरी ती बदलत नाही, हा बाराव्या शतकातला विचार अभिमान वाटावा असाच आहे. पण दोन अनंत संचांतल्या घटकांच्या जोड्या जुळवून, म्हणजे एकास एक संगती लावून, तुलना करणे हा त्याहून निराळा प्रश्न आहे. दोन्हींची गल्लत केल्याने भास्कराचार्यांना न्याय मिळत नाही.

खरा मतभेद आहे तो गृहीतकांत. अनंत संच पूर्ण वस्तू म्हणून मानायचा नाही, अशी भूमिका घेता येते. तसे असेल तर ‘मला हे गृहीतक मान्य नाही’ असे म्हणावे, ‘कँटर चुकला’ असे नव्हे. गणनीय अनंत आणि वास्तव संख्यांचे अनंत यांच्या मध्ये आणखी एखादे आहे का, हा प्रश्न तर संच सिद्धांताच्या प्रचलित, त्सर्मेलो आणि फ्रँकेल या गणितज्ञांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गृहीतकांवरून सुटतच नाही. ‘नाही’ हे उत्तर त्या गृहीतकांशी विसंगत नाही, हे तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल यांनी दाखवले आणि 1963 मध्ये गणिती पॉल कोहेन यांनी ‘आहे’ हेही विसंगत नाही, हे दाखवले. त्यामुळे इथे ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणाऱ्याने आपण आणखी कोणते गृहीतक धरतो, ते आधी सांगायला हवे.

नववीच्या गणितात सांत आणि अनंत संच शिकवले जातात, त्यामुळे वरची चार ओळींची यादी त्या वयाच्या मुलांनाही झेपेल. आपल्या विज्ञान पुरवणीत अनंतावर लेख आला, तर ती 4-5 च्या नियमासह जरूर छापावी, ही विनंती.

– एक गणित शिक्षक