सरांबद्दल पूर्ण आदर राखून

जर्सी सिटी
6 एप्रिल 2025

प्रिय बंड्या,

सात महिने तुझ्या दोन मेसेजना उत्तर नाही आणि आज एकदम पत्र. घाबरू नकोस, पैसे नकोत. गुडघा आहे तसाच, शुगर गोळीवर शांत आहे. झालं आरोग्य.

मला एक मेल आली आहे. इथल्या बारा-तेरा वर्षांच्या पोरांची बास्केटबॉल टीम मी तीन वर्षं फुकटात सांभाळतो, हे तुला माहीत आहे. सात आईबापांच्या सहीची मेल, आणि पहिलीच ओळ: ‘विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट टु कोच.’ मी खुर्चीतच उडालो. सरांबद्दल पूर्ण आदर राखून! कॉलेजच्या मागच्या टपरीवर आपल्या कोच सरांविरुद्धच्या पत्रात हीच ओळ लिहून तू स्वतःवरच इतका खूश झालास की सगळ्यांना चहा पाजलास. तुझ्या पैशाने प्यालेला तो माझा पहिला आणि शेवटचा चहा. बायकोला दाखवली मेल, ती म्हणाली, सोडून दे, कोण विचारतं. तिला काय सांगू? हे फक्त तुला कळेल.

झालं असं. यंदा सेमीफायनलपर्यंत अकरा मॅच, अकरा जिंकल्या. सेमीफायनलला समोर आठच पोरांची टीम. त्यातल्या दोघांच्या पाठीवरचे नंबर टेपने चिकटवलेले. एका पोराचा 14 होता, घामाने त्यातला 4 हाफटाइमनंतर गळून पडला. स्कोअरर ओरडतोय, हा 1 कोण? आणि तो 1 झालेला पोरगा कोपऱ्यातून थ्री पॉइंटर टाकतोय, एकामागून एक. आम्ही हरलो, 31-29.

मेलमध्ये झोन डिफेन्स (माणूस न धरता आपापली जागा अडवायची) आहे, ‘जुनी पद्धत’ आहे, सगळं आहे. पण खरं कारण चौथ्या परिच्छेदात: आमच्या सगळ्यात उंच पोराला मी शेवटची दोन मिनिटं बसवलं. तो पास देत नव्हता. तीनदा सांगितलं, तीनदा मान हलवली आणि तीनदा स्वतःच घेऊन गेला. बसवल्यावर त्याने टॉवेल डोक्यावर ओढला आणि गुडघ्यात मान घातली.

बंड्या, यवतमाळवाल्यांची मॅच. तू अगदी असाच बसला होतास.

राग येईल तुला. तीस वर्षं तू सांगत आलास की ते पत्र झोन डिफेन्सबद्दल होतं, आणि मी ऐकत आलो. असेलही. सरांचं ते ‘हात वर, हात वर, बॉल फिरवा’ मलाही बोअर व्हायचं, म्हणून तर सही केली. (तुझ्यानंतर. पहिली सही माझी होती ही अफवा तू पसरवलीस, त्यावर पुन्हा भांडायचं नाही.)

2018 ला इथल्या कॉलेजांच्या मार्चमधल्या स्पर्धेत व्हर्जिनिया हरली तेव्हा तू फोनवर पहिलं वाक्य काय बोललास आठवतं? ‘बघ बे, सर हरले.’ 31 जिंकून 2 हरलेली टीम, पहिलं मानांकन, आणि समोर मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी कॅम्पसचं ते यूएमबीसी. सोळाव्या मानांकनाने पहिल्याला हरवायचे 135 प्रयत्न तोवर झाले होते आणि सगळे वाया गेले होते. हाफटाइमला 21-21. मग काय झालं कुणास ठाऊक, 74-54. लाइल्स नावाच्या पोराने एकट्याने 28 काढले. तू म्हणालास, असा संथ खेळ केला की हेच होणार: व्हर्जिनियाचा कोच टोनी बेनेट मॅचमध्ये चालीच इतक्या कमी होऊ देतो की लहान टीमला फार वेळ नशीब लागतच नाही, आणि एकदा मागे पडलं की भरून काढायला वेग नाही. मी म्हणालो, त्यांचा खेळाडू हंटर मनगट मोडून घरी बसला होता, आणि एका रात्रीवरून कोच मोजायचा नसतो. तू म्हणालास, कारणं सांगू नकोस. आपण तेव्हा बेनेटबद्दल बोलतच नव्हतो, हे मला या आठवड्यात कळलं. इतका मी हुशार.

वर्षभराने त्याच बेनेटने, तोच संथ खेळ खेळून, फायनल ओव्हरटाइममध्ये 85-77 ने काढली. मी तुला फोन केला तेव्हा तुझ्याकडे सकाळचे साडेनऊ होते आणि तू म्हणालास, मीटिंगमध्ये आहे. खोटं. मागे कुकरची शिट्टी झाली होती.

काल रात्री आमच्याकडे सगळे जमले होते, दर वर्षीचेच. ह्यूस्टन चौदा गुणांनी मागे पडून ड्यूकवर जिंकली आणि आरडाओरडा थांबल्यावर गाडी कोचवर आली. माझा तेलुगू शेजारी म्हणतो, मार्चमध्ये जिंकतो तो कोच, बाकी सगळे पीटी टीचर. मी म्हटलं, मग शहीन हॉलोवेचं काय करायचं? इथून चालत वीस मिनिटांवर सेंट पीटर्स कॉलेज आहे, तो तिथला कोच होता, त्यांचं बोधचिन्ह मोर. 2022 ला या मोरांनी केंटकीला घरी पाठवलं, मग मरे स्टेटला, मग परड्यूला. पंधराव्या मानांकनाचं कॉलेज शेवटच्या आठांत, याआधी कधी झालं नव्हतं. हॉलोवे देव झाला, काही दिवसांतच सेटन हॉल कॉलेजने उचलला. यंदा तिथे 7 जिंकला, 25 हरला. माणूस तोच ना? आणि परड्यूचा कोच पेंटर. 2022 ला या मोरांनी हरवलं, 2023 ला फेअरले डिकिन्सनने. तेही आमच्याच न्यू जर्सीचं, सोळावं मानांकन, आणि परड्यूकडे सात फूट चार इंचांचा झॅक ईडी. लोक म्हणाले, हाकला. कॉलेजने नाही हाकलला. पुढच्या वर्षी फायनलला गेला.

शेजारी म्हणाला, फायनल हरलाच ना. अशा माणसाशी काय बोलणार. तुझा भाऊ शोभतो.

पण मला बोचतं ते वेगळंच. बेनेटने गेल्या ऑक्टोबरात, सीझन तोंडावर असताना, सोडून दिलं. कुणी सांगितलं नव्हतं. आणि आता व्हर्जिनियाने त्याच्या जागी कुणाला आणलं? रायन ओडमला. त्या रात्री यूएमबीसीच्या बेंचवर तोच होता! त्याचे वडील पूर्वी व्हर्जिनियालाच असिस्टंट कोच होते आणि हा पोरगा तिथे बॉलबॉय. ज्याने नाक कापलं त्याच्याच हाती घर दिलं. मला हे वाचून इतकं बरं का वाटलं, सांगता येत नाही.

सरांना कुणी हाकललं नाही, हे तू नेहमी म्हणतोस. बरोबर आहे. पत्र दिल्यावर दुसऱ्या दिवशी ते आले, शिट्टी गळ्यातून काढली, काळ्या बुटाच्या लेसला बांधलेली ती, पोलवर अडकवली आणि ग्राउंडला एक चक्कर मारून गेले. आपण मागे सावलीत उभे होतो. तू म्हणालास, ‘नाटक.’ मी हसलो.

शुक्रवारी आईबापांची मीटिंग आहे. सोडू का? त्या पोराला काल फोन केला, बापाने उचलला, म्हणाला झोपलाय. दुपारी चार वाजता.

तुझं बरं चाललंय ना? मुलीची बारावी झाली असेल, पेपर कसे गेले? मनीषनगरचा फ्लॅट घेतलास की अजून बायकोला दाखवतोच आहेस? आईंना नमस्कार. वहिनींना म्हणावं, कुकर ऐकू येतो.

दोन कामं. एक, सर कुठे आहेत याचा पत्ता काढ. तू काढशील, तुझी नाही म्हणायची पद्धत मला माहीत आहे. दुसरं, त्या पत्राची कार्बन कॉपी तुझ्या लोखंडी पेटीत असणार, तू बसची तिकिटंसुद्धा फेकत नाहीस. तिचा फोटो पाठव. शुक्रवारच्या आत. आणि सह्यांचा भाग कापून पाठवू नकोस.

तुझा,
नऊ नंबर