ओकमध्ये मुरलेल्या पांढऱ्या वाइनला बर्फाची बादली नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भारत आणि स्वित्झर्लंडसह चार एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघ) देशांमधला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. वाइनवरच्या आयात शुल्कातही त्यात टप्प्याटप्प्याने सवलत आहे. स्विस वाइन आजवर आपल्याकडे फारशी दिसली नाही, कारण तिथल्या उत्पादनातली जेमतेम एक-दोन टक्केच देशाबाहेर जाते. आता एखादी बाटली हाती आली, तर ‘पांढरी वाइन म्हणजे गारेगार’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला निदान लाकडी पिंपात मुरवलेल्या बाटलीसाठी तरी बाजूला ठेवावा, एवढ्यासाठी हे पत्र.

स्वित्झर्लंडची बहुतेक पांढरी वाइन ओक या झाडाच्या लाकडी पिंपात जातच नाही. शास्ला ही तिथली मुख्य पांढरी द्राक्षे (वाले प्रांतात तिची वाइन ‘फाँदाँ’ नावाने मिळते) इतकी नाजूक आहेत, की नवे लाकूड त्यांचा आवाजच दाबून टाकते. ओक पेलवतो तो शार्दने, हाइडा आणि मार्सान या द्राक्षांना. क्वचित पेतित आर्विनलाही. लेबलवर ‘बारिक’ लिहिले असेल तर ती साधारण २२५ लिटरच्या पिंपात राहिलेली आहे असे समजावे. नवे पिंप व्हॅनिला आणि भाजलेल्या पावाचा वास देते. तीन-चार हंगाम वापरलेले पिंप वास फारसा देत नाही, पण वाइनला भरीवपणा देते.

घरच्या फ्रीजमध्ये तापमान ४ अंशांच्या आसपास असते. तेवढ्या गारठ्यात वास मिटून जातो आणि लाकडाचा तुरटपणा तेवढा पुढे येतो. मग लोक म्हणतात, वाइन कडू आहे. ही वाइन १० ते १२ अंशांवर हवी. त्यासाठी बाटली वीस-पंचवीस मिनिटे आधी बाहेर काढावी. मुंबईच्या मे महिन्यात पंधरा मिनिटे पुरतात. अरुंद ग्लास नको, पोट असलेला घ्यावा आणि त्यात ६०-७० मिलीच ओतावी. आधी न हलवता वास घ्यावा, मग फिरवून. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच बिघडले आहे, ती बाटली परत करावी. रंग सोनेरी असायला हरकत नाही. कोवळ्या वाइनला तपकिरी छटा आली असेल तर तिला हवा लागली आहे.

खरी परीक्षा घोट गिळल्यानंतर. चांगल्या पेतित आर्विनच्या शेवटी जिभेच्या कडांना किंचित खारट चव रेंगाळते. ती जाणवली तर पिंप नेमके वापरले आहे. ती हरवून हिरड्या कोरड्या पडल्या आणि नुसता व्हॅनिला उरला, तर लाकूड जास्त झाले आहे. महाग पिंप म्हणजे चांगली वाइन, असे मुळीच नाही.

जेवणाचे म्हणाल तर स्विस घरात वितळलेल्या राक्लेत चीजबरोबर साधी फाँदाँच घेतात आणि ते बरोबरच आहे. ओकवाली बाटली राखून ठेवावी ती वर्षभर मुरलेल्या ग्रुयेर चीजसाठी, लोण्यात परतलेल्या सरोवरातल्या माशासाठी, किंवा झुरिककडच्या मशरूम आणि क्रीममधल्या वासराच्या मांसासाठी. लोणी-साय आणि पिंपातला भरीवपणा यांची जात एकच.

आपल्या ताटात हाच न्याय लावायचा, तर कोल्हापूरचा पांढरा रस्सा हिच्याशी उत्तम जमतो. तिखट मात्र बेताचे हवे. ओकमधल्या लॅक्टोन नावाच्या घटकाला मुळातच नारळासारखा वास असतो, त्यामुळे नारळाच्या दुधाशी तिचे पटते. ओल्या काजूची सौम्य उसळही चालते. तांबडा रस्सा मात्र नको: तिखटाची आग १३-१४ टक्के अल्कोहोलने आणखी भडकते आणि लाकूड कडवट लागते. कोकम किंवा चिंचेच्या सारापुढे वाइन मिळमिळीत होते, कारण पदार्थाचा आंबटपणा तिच्या आंबटपणावर मात करतो. लोण्यातल्या पापलेटवरही लिंबू थेंबभरच पिळावे.

उरलेली बाटली बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवावी. दोन-तीन दिवस चांगली राहते. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी लाकूड थोडे मागे सरते आणि फळाचा वास पुढे येतो.

– वाइन-चाखणीचे वर्ग घेणारे काही जण, नाशिक