दिएंग कुलोनच्या इबूंस : आभाराचे अनावृत पत्र

आदरणीय इबू यांस,

सादर नमस्कार.

इंडोनेशियात आईला आणि वडीलधाऱ्या बाईला ‘इबू’ म्हणतात, म्हणून मीही आपल्याला तेच म्हणते. तिथल्या मध्य जावातील दिएंग पठारावर आपल्या घरी मला जो आसरा मिळाला आणि आपण माझ्यासाठी जो वेळ मोडलात, त्याबद्दल आपले आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते मराठीत आणि जाहीरपणे लिहिण्याला कारण आहे. माझ्यासारखे अनेक मराठी प्रवासी योग्याकार्ताहून वोनोसोबोमार्गे तो घाट चढतात, अर्जुन आणि भीम अशी नावे असलेल्या देवळांपुढे छायाचित्रे काढतात, ‘आपली संस्कृती कुठवर पोहोचली होती पाहा’ असे एकमेकांना सांगतात आणि दुपारच्या गाडीने उतरतात. ज्या गावाच्या रानात ती देवळे उभी आहेत, त्या गावाची त्यांना गंधवार्ताही नसते. मला ते गाव दिसले ते केवळ आपल्यामुळे. या पत्राचा इंडोनेशियन अनुवाद आपल्या लेकीकडे वेगळा पाठवला आहे. तो तिने आपल्याला वाचून दाखवावा.

मुलांच्या जटा कापण्याच्या उत्सवामुळे गावातील सगळ्या खोल्या भरलेल्या असताना आपण लेकीची खोली मला दिलीत आणि तिला स्वयंपाकघरात आपल्याजवळ निजवलेत. समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार मीटर उंचीवर ऑगस्टमधली रात्र कशी असते याची कल्पना विषुववृत्ताजवळच्या देशात येणाऱ्या पाहुण्याला सहसा नसते. आपण काही न विचारता निखाऱ्यांची शेगडी माझ्याकडे सरकवलीत आणि पुर्वाचेंग नावाच्या तिथल्या औषधी वनस्पतीचा कडक, गरम काढा हाती दिलात. सोबत तेंपे केमुलही होते. सोयाबीनच्या आंबवलेल्या वडीचे काप हळद आणि पात घातलेल्या पिठात बुडवून तळले, की आमच्या भज्यांचे चुलतभावंड म्हणावे असा पदार्थ होतो. मी किती खाल्ले हे आपण मोजले नाहीत, याबद्दलही आभार.

वाचकांसाठी थोडे भूगोलाचे सांगते. दिएंग हे एका जुन्या ज्वालामुखीच्या मुलखातले पठार आहे आणि दोन जिल्ह्यांची हद्द त्याच्या मधून जाते. दिएंग वेतान, म्हणजे पूर्वेकडचे दिएंग, वोनोसोबो जिल्ह्यात, तर आपले दिएंग कुलोन, पश्चिमेकडचे, बांजारनेगारा जिल्ह्यातील बातुर तालुक्यात येते. रस्ता ओलांडला की जिल्हा बदलतो. पीक, हवा आणि सोयरीक मात्र दोन्हीकडे तीच. अर्जुन देवळांचा समूह आपल्या बाजूला आहे. जवळच्या सेंबुंगान गावाला जावातील सर्वांत उंचावरचे गाव म्हणतात आणि सूर्योदय पाहायला येणारी गर्दी तिकडे जाते.

देवळांबद्दल आपण जे पहिल्याच दिवशी ऐकवलेत, ते प्रत्येक भारतीय प्रवाशाला आधी सांगायला हवे. अर्जुन, पुंतादेवा, श्रीकांडी, संबाद्रा, गाटोत्काचा ही नावे बांधणाऱ्यांनी दिलेली नाहीत. ती पुष्कळ नंतर, बाहुल्यांच्या सावल्यांचा वायांग खेळ पाहणाऱ्या जावाच्या लोकांनी दिली. म्हणूनच अर्जुनाच्या देवळासमोरच्या बुटक्या, लांबट वास्तूला सेमारचे नाव आहे. सेमार हा पांडवांचा विदूषक सेवक महाभारतात कुठेच नाही. तो अस्सल जावाचा आहे. देवळे मुळात शिवाची असून सातव्या-आठव्या शतकापासूनची मानली जातात. अर्जुन देवळाजवळ सापडलेल्या शिलालेखावर शके ७३१, म्हणजे इ. स. ८०९, असा काळ आहे. आमच्या घरी भिंतीवर टांगलेल्या पंचांगातही हाच शक चालतो, हे मी सांगितल्यावर आपण हसलात आणि ‘मग हिशेब सोपा आहे’ म्हणालात. कैलास संग्रहालयातील शंकराच्या मूर्तीपुढे तर मी बराच वेळ उभी होते. तिथला नंदी माणसाच्या अंगाचा आणि बैलाच्या तोंडाचा असून शंकर त्याच्या खांद्यावर बसलेला आहे. माझ्या पाहण्यातील एकाही शिवालयात असा नंदी नाही. एवढे पाहिल्यावर हे सगळे ‘आपले’ म्हणण्याची घाई ओसरते.

पण आपले खरे उपकार आहेत ते बटाट्याच्या रानातले. माझे माहेर पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात, सातगाव पठारावर आहे. तिथे पावसाळी बटाटा हेच घराचे मुख्य पीक. त्यामुळे आपल्या रानात शिरताच बेणे, भर लावणे, करपा हे सगळे मला ओळखीचे वाटले आणि लगेच अनोळखीही वाटले, कारण आपल्या सऱ्या उताराला आडव्या नव्हत्या, वरून खाली उभ्या गेल्या होत्या. आमच्याकडे असे कोणी केले तर घरातले वडीलधारे सुनावतील. आपण फावड्याने एका सरीचे तोंड बुजवलेत, बादलीभर पाणी ओतलेत आणि ते तिथेच साचून राहिलेले मला दाखवलेत. पावसाळ्यात असे पाणी तुंबले, की कंद सडतो. पाणी उतरून जाण्यासाठी सरी उभी ठेवावी लागते आणि त्या पाण्याबरोबर माती जाते. एका बादलीत आपण पठाराचे अर्धे अर्थशास्त्र समजावलेत.

उरलेले अर्धे लेकीकडून कळले. १९८० च्या दशकात बटाटा इथे जोरात आला आणि तंबाखू मागे हटला. बटाट्याने पक्की घरे उभी केली, मुलांची शिक्षणे केली, काहींना हज यात्रा घडवली. १९९८ मध्ये इंडोनेशियाचे हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष सुहार्तो पायउतार झाल्यावर सरकारी धाक सैलावला आणि डोंगरमाथ्यावरचे जंगल तोडून तिथेही सऱ्या ओढल्या गेल्या. ती माती पुढे जाते कुठे, तेही आपण सांगितलेत. सेरायू नदी याच पठारावर, तुक बिमा लुकार या झऱ्यापाशी उगम पावते आणि जावाच्या दक्षिण किनाऱ्यावर हिंदी महासागराला मिळते. वाटेत बांजारनेगाराजवळ तिच्यावर म्रिचाचे जलविद्युत धरण आहे आणि वरच्या रानांतून धुऊन आलेल्या गाळाने त्याचा जलाशय भरत चालला आहे. बाहेरून येणारा तज्ज्ञ याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारून मोकळा होतो. आपण तसे केले नाहीत आणि शेतकऱ्याची बाजूही फार ताणली नाहीत. आपल्या टप्प्यांच्या कडेला कारिकाची झाडे लावलेली दाखवून आपण एवढेच म्हणालात, की मुळे थोडी माती धरतात आणि फळाचे पैसे वेगळे येतात. थंड हवेत वाढणारी ही छोटी पपई पाकात मुरवून वोनोसोबोत विकतात. माझ्या पिशवीत आपण घातलेली बरणी विमानतळावर अडवली गेली नाही, हे जाता जाता कळवते.

त्या मुक्कामातच एका पहाटे दहिवर गोठले. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठले, की आमच्या वर्तमानपत्रांत कौतुकाची बातमी येते. दिएंगलाही त्या पहाटे पर्यटक देवळांपुढच्या पांढऱ्या गवतावर नाचत होते. आपण मात्र अंधारातच नळी घेऊन रानात गेला होतात. ऊन पडण्याआधी पाण्याने पानांवरचे हिम धुतले नाही, तर दुपारपर्यंत झाड भाजल्यासारखे काळे पडते. हातमोजे भिजल्यावर आपण ते काढून कमरेला खोचलेत आणि उघड्या हातांनी नळी धरलीत. मलाही एक नळी द्या म्हणाले, तर आपण नको म्हणालात. मग मी नळीचे वेटोळे सोडवत मागे चालले. तलावांतून पंपाने उपसलेले पाणी अशाच प्लास्टिक नळ्यांतून डोंगरभर फिरवलेले असते. रस्त्याच्या कडेला त्यांचे भारे इतके दिसतात, की गावातल्या कुणाची नळी कुठून कुठे जाते हे तुम्हाला लक्षात तरी कसे राहते, असा प्रश्न पडावा.

जमिनीखालच्या गोष्टी आपण थोडक्यात सांगितल्यात आणि मीही थोडक्यातच सांगते. सिकिदांगच्या विवरातील उकळता चिखल आणि रानांवरून गेलेल्या, साठ मेगावॅटच्या सरकारी भू-औष्णिक केंद्राच्या चंदेरी नळ्या कोणालाही दिसतात. न दिसणारी गोष्ट म्हणजे वायू. २० फेब्रुवारी १९७९ च्या पहाटे सिनिला विवराचा स्फोट झाला आणि केपुचुकान वस्तीतील माणसे जीव घेऊन बातुरच्या रस्त्याने पळाली. त्याच रस्त्यावर कार्बन डायऑक्साइड पसरलेला होता. त्याला रंग नाही, वास नाही, आणि हवेपेक्षा जड असल्याने तो सखल भागात साचून राहतो. सुमारे दीडशे माणसे तिथेच गेली. पुढे २०११ आणि २०१३ मध्ये तिंबांग विवरातील वायूमुळे माणसांना घरे सोडावी लागली. वारा पडलेल्या, धुके दाटलेल्या सकाळी त्या बाजूच्या खोलगट रानात उतरायचे नाही, हा नियम आपण मला जेवायला वाढताना सांगितलात, आणि तो पुन्हा म्हणून दाखवल्याशिवाय दुसऱ्या दिवशी मला एकटीला बाहेर सोडले नाहीत.

आता गिंबल केसांविषयी. दिएंगच्या काही मुलांचे केस लहानपणी, बहुधा तापाच्या दुखण्यानंतर, गुंतून त्यांच्या जटा होतात. क्याई कोलोदेते या मूळपुरुषाशी त्या जटांचा संबंध आहे असे गाव मानते. त्या कापायच्या, पण मूल स्वतः मागेल तेव्हाच. आणि त्या वेळी मूल जे मागेल ते पुरवल्यावरच. गावातील मंडळींनी २०१० पासून या विधीभोवती उत्सव उभा केला आहे आणि बटाट्याशिवाय त्याचाही आता गावाला आधार आहे. अशा उत्सवात तिकीटवाल्यांची गर्दी आणि कॅमेऱ्यांची दाटी असते, म्हणून आपण मला आधी शेजारच्या मुलीच्या घरी नेलेत, तिच्या आजीशी बोलायला बसवलेत आणि मगच देवळापाशी नेलेत.

हे मला इतके का लागले, ते तेव्हा भाषेच्या अडचणीमुळे नीट सांगता आले नाही. आमच्या महाराष्ट्रातही डोक्यात जट होते. ती बहुधा बाईच्या डोक्यात असते आणि देवीचे, विशेषतः यल्लम्माचे, बोलावणे म्हणून तिचा अर्थ लावला जातो. जट कापली तर घरावर कोप होईल या भीतीने बायका वर्षानुवर्षे ते ओझे मानेवर वाहतात. पूर्वी कितीतरी मुलींना एवढ्या कारणावरून देवाला सोडले गेले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरोघर जाऊन, समजूत घालून त्या जटा कापतात. आमच्या वाडीतील एका मावशीची जट कापली गेली तेव्हा मी तिथे होते. मावशीचा हात माझ्या हातात होता आणि तो थरथरत होता.

म्हणून अर्जुन देवळाच्या चौथऱ्यावर ती मुलगी बसली तेव्हा मी तिच्या हातांकडे पाहत होते. तिने एक काळे करडू मागितले होते. ते समोरच बांधलेले होते आणि तिचे सारे लक्ष कात्रीकडे नसून ते दोर तोडते की काय याच्याकडे होते. केस कापले गेले, पांढऱ्या कापडात गुंडाळले गेले, पुढे तेलागा वार्ना तळ्यात सोडले गेले. या विधीमागची श्रद्धा मला पटली असे मी म्हणणार नाही, आणि जो विधी मुलाच्या अंगावर तिकिटे विकतो त्याविषयी आपल्या मनातही शंका आहेत, हे आपण बोलून दाखवलेत. पण जट कापण्यासाठी मुलाच्या होकाराची वाट पाहणारे आणि कापल्यावर त्याला हसवून घरी नेणारे गाव मला पाहायला मिळाले. आपण त्या घराचा उंबरठा ओलांडून दिला नसता, तर मलाही गर्दीतून फक्त एक कात्री दिसली असती.

शेवटी आपल्या प्रश्नाचे उत्तर देते. भाव पडला की माल कुठे ठेवता, असे आपण विचारले होते. आमच्या भागात उन्हाळ्याच्या तोंडाशी निघालेल्या बटाट्याची आरण लावतात. सावलीच्या, उंचवट्याच्या जागी ढीग रचायचा, त्यावर उसाचे पाचट किंवा गवत जाड अंथरायचे आणि ऊन आत जाऊ द्यायचे नाही. माल काही आठवडे टिकतो आणि बाजार पाहून काढता येतो. आमचा फाल्गुन-चैत्र कोरडा असतो म्हणून हे जमते. आपल्याकडच्या धुक्यात एवढ्याने भागणार नाही. खाली बांबूची तट्टी घालून हवा खेळती ठेवावी लागेल. आधी दोन-तीन पोतीच ठेवून पाहावीत, आणि सड लागली तर लेकीने छायाचित्र पाठवावे. मी ते माझ्या भावाला दाखवून त्याचे मत कळवीन.

आपल्याच जावाच्या भाषेत आभार मानते : मातुर नुवुन, इबू.

आपली नम्र,
सातगाव पठारावरची पाहुणी